माडीवरचा तलाव

८ जून १९८६, रविवार

काल बंडीतून काचेचा तलाव आला घरी. खुशालचा बाप म्हणते त्याले मच्छीपेटी म्हणायचं. मी तलावच म्हणन. आडवा माणूस मावते त्यात. लोखंडी पट्ट्यायची चौकट, तिच्यात जाड काचा. हे फॉरेस्टात नाकेदार आहेत. यायच्या रेंजर साहेबाची बदली झाली, तर साहेबानं बंगल्यातली अडगळ यायच्या गळ्यात मारली, अन् हे शोभा म्हणून घेऊन आले.

ठेवायची कुठी? तर माडीवर. लाकडाच्या माडीवर!

"छपरीत ठेवा नं," मी म्हणलं. "गावभर पाहीन."

"कोणासाठी आणली? खुशालसाठी. खुशाल कुठी हाय? वरतं. मंग पेटी कुठी जाईन?"

खुशाल माह्या एकुलता एक. भद्रावतीकडे कोळशाच्या खाणीत लागला होता. थंडीत खाणीचं छत बसलं. सोबतचे दोघं तिथंच राह्यले, याले दुसऱ्या दिवशी काढला. हातपाय धड, खरचटलं तेवढंच. आम्ही कुरखेड्याले घेऊन आलो, तवापासून माडीवर चढून बसला. घरात पाय टाकत नाई. मागच्या अंगानं बाहेरून शिडी आहे, तिनं उतरते, गावच्या लहान तळ्यावर, बोडीवर, आंघोळ करते, परत वर. जेवण वरतंच. बोलत नाई. भिंतीकडे तोंड करून पडते, नाईतर छपराचे कवेलू पाहत राहते. बायको खालतं, तान्ही पोरगी खालतं. हा राजा वरतं. डॉक्टर म्हणे, याची नजर कशात तरी रमली पाह्यजे. म्हणून हा तलाव.

माडीच्या बरोबर खालतं आतली खोली. तिथं सीता अन् पोरगी झोपतात. पाण्याचं वजन काय कमी राहते? एक घागर डोक्यावर घेतली तर मान मोडते. इथं घागरीच घागरी.

प्रौढ शिक्षणाच्या मॅडम म्हणे, बाई तुमी चवथी शिकल्या, रोज काहीतरी लिहा नाईतर अक्षर मोडन. घ्या. लिहिलं.

११ जून, बुधवार

पोचू वाढईले बोलावलं. त्यानं खोलीतून वर पाह्यलं, मोठ्या मयालले वाकसाच्या दांड्यानं ठोकून पाह्यलं. घराच्या या भिंतीतून त्या भिंतीत गेलेली सागाची मयाल. तिच्यावर कड्या, कड्यायवर फल्ल्या, अन् त्याच्यावर माह्यं पोरगं.

"लाकूड चांगलं हाय, बाई. वाजते कसं पाहा नं, घंटीवानी."

"मले घंटी नाई पाह्यजे. पडन का नाई, एवढं सांग."

"आता बाई, मातीच्या भितीत मयालचं टोक गेलं हाय, ते मले दिसत नाई. दिसते तेवढं पक्कं हाय. मधात नका ठेवू. भितीले लावून ठेवा, भार भितीवर जाईन."

खुशालच्या बापाले एवढंच पाह्यजे होतं. "बाबाच्या काळी या माडीवर धानाच्या ढोल्या राहत," म्हणे, "चारही अंगानं भरलेल्या. तवा कोणाच्या डोक्यावर पडली का?"

मी म्हणलं, "ढोलीतलं धान आपण खातो. दर महिन्याले ढोली हलकी होते. हे पाणी कोण खाईन?"

पोचू हासला. हे नाई हासले.

मागच्या भितीले लावायचं ठरलं, खुशालच्या बाजेजवळ. त्याच्या डोक्यावरचे कवेलू सरकले आहेत, उजेड येते तिथून. हे म्हणे, उजेडात मासोळ्या चांगल्या दिसतात.

१५ जून, रविवार

आज तमाशा झाला.

माडीची परीक्षा घ्यायची म्हणून यायनं विहारातली मंडळी चहाले बोलावली. चांगले भरल्या अंगाचे पाहून पाहून आणले. बापूराव गुरुजी सगळ्यात जाड, तर त्यायले मधात उभं केलं. बाकीचे भितीले लागून, खांद्याले खांदा.

"हरिदासभाऊ, चहा वरतं देता का खालतं?" एक जण म्हणते.

"आधी उडी मारा, मंग चहा."

"मी उडी मारली तं चहा तुमच्या बायकोच्या चुलीतच जाऊन पेईन," गुरुजी म्हणे. सगळे हासले. अन् उड्या मारल्या की नाई! मी खालतं खोलीत, दारात उभी. फल्ल्यायतून बारीक धूळ पडली. मयाल हलली नाई, हे मात्र खरं.

एवढ्यात मागच्या शिडीवरून खुशाल ओरडला, "उतरा! सगळे उतरा खालतं!" इतक्या महिन्यात एवढा मोठा आवाज त्याचा पहिल्यांदा ऐकला. तोंड पांढरं झालं होतं. पाहुण्यायसमोर असं ओरडते का कोणी? मले लाज वाटली. गुरुजी बिचारे चहा न पेता गेले.

हे खूश. "एवढी माणसं झेलली तं पेटी काय हाय!"

मी म्हणलं, माणसं उतरली. पेटी उतरणार आहे का?

१७ जून, मंगळवार

भरला तलाव. मी अन् सीतानं विहिरीवरून पाणी नेलं, शिडीनं वर, खांदे गेले कामातून. साहेबाच्या लाल मासोळ्या दोन, बाकी यायनं बोडीतून पकडून आणल्या. काळ्या, मिशीवाल्या, खायच्या मासोळ्या, अन् त्यायले आता आम्ही खाऊ घालायचं.

खुशाल उठून बसला. तोंड भितीकडून पेटीकडे झालं.

रात्रभर माह्या डोळ्याले डोळा नाई.

२४ जून, मंगळवार

आज खुशालनं आपण होऊन हाक मारली. "सीता, पोरीले आण वरतं." सीता शिडी चढताना पडता पडता वाचली, एवढी घाई. पोरीले काचेसमोर धरलं. मिशीवाली मासोळी तोंड उघडे, तशी पोरगी तोंड उघडे. खुशाल हासला. मी शिडीवरून पाह्यलं. हासला तो. दात दिसले.

मी खालतं आली अन् चुलीसमोर बसून रडली. कोणी पाह्यलं नाई.

मंग खोलीत गेली. पोरीच्या गोधडीवर पिवळी धूळ पडली होती, मातीची. झटकली. वर पाह्यलं. मयाल होती तशीच आहे. वाटते तरी तशीच.

सीताले म्हणलं, आजपासून तू अन् पोरगी सयपाकघरात झोपा. मी इथं झोपते.

"काऊन, आत्याबाई?"

"सयपाकघरात मले मुंग्या चावतात."

२ जुलै, बुधवार

एक काम केलं. भरीव बांबूची काठी कापली, बरोबर मयालच्या खालतं उभी राहीन अशी. वरतं बोट जाईन एवढी फट ठेवली. आता रोज सकाळी काठी उभी करून पाहते. फट आहे तोवर मी आहे.

अंजनाबाई शेजारीण आली होती साखर मागाले. काठी पाहून म्हणे, "हे काय व गिरजाबाई, घर मोजून राह्यली का? इकता का काय?" मी म्हणलं, इकलं तं तुले सांगन, तू घे, झोप खालतं.

१० जुलै, गुरुवार

फट कमी झाली. बोट जात नाई. नख जाते.

यायले आणून दाखवलं. यायनं काठी पाह्यली, मयाल पाह्यली, जमीन पाह्यली. मंग म्हणे, "तू दर आठवड्याले सारवतं का नाई?"

"सारवते. मंग?"

"मंग काय! शेणमातीचा थर चढते. जमीन वर येऊन राह्यली, मयाल नाई खालतं येऊन राह्यली."

असं म्हणून हासत गेले. मी काठी धरून तशीच उभी. माणसानं एवढी अक्कल बायकोची चूक काढाले वापरू नये. पण खरं सांगायचं तर माह्या डोक्यात बसलं ते. जमीन खरंच चढते. सासू होती तवाचा उंबरठा उंच वाटे, आता नाई वाटत.

ठरवलं. आतली खोली सारवायची नाई. मंग पाहू, कोण वर येऊन राह्यलं अन् कोण खालतं.

१६ जुलै, बुधवार

झड लागली आहे. वर गेली तर खुशालच्या बाजेवरचे कवेलू मले वाटलं होतं त्याच्याहून जास्त सरकलेले. आभाळ दिसते. पाणी भितीवरून वघळून राह्यलं, माती काळी पडली. बाज त्यानं बाजूले केली आहे, पण कवेलू नाई लावले.

"आंधळा आहेस का? घर भिजून राह्यलं. थांब, मी लावते."

माह्या हात धरला त्यानं. जोरात धरला. "तेवढं उघडं राहू दे, माय."

"काऊन?"

त्यानं मासोळ्यायकडे तोंड केलं.

खालतं येऊन सीताजवळ बडबडली. तर ती कणीक मळता मळता म्हणते, "आत्याबाई, मले वाटते त्यायले छताचं भेव वाटते. म्हणून घरात येत नाईत. डोक्यावर काई असलं का..."

"छताले कोण भिते? ऊनपाण्यातून वाचवते ते छत."

सीता परत कणीक मळाले लागली. आजकालच्या पोरी काई पण बोलतात. मी जाऊन काठी उभी केली. आज नखही गेलं नाई. पण जमीन ओली आहे, फुगली असन.

२१ जुलै, सोमवार

आज आषाढी पौर्णिमा, विहारात जायचं होतं. गेली नाई. पोरगी खोलीत रांगत गेली तर? सीतावर भरवसा नाई, ती खुशालकडेच पाहत राहते.

खोली सारवली नाई म्हणून घरात पिसवा झाल्या. अंजनाबाई पदर नाकाले लावून म्हणते, "गिरजाबाई, बरी आहेस नं? तुह्या घरी असं कधी पाह्यलं नाई." मी म्हणलं, मी परीक्षेले बसली आहे. तिले वाटलं मॅडमच्या वर्गाची परीक्षा. म्हणे, पास हो बाप्पा लवकर.

२७ जुलै, रविवार

काठी अडकली.

सारवण नाई, झाडलोट सोडून काई नाई, तरी काठी मयालखाली जाऊन अडकली. काढाले गेली तर निघे ना. लाथ मारून काढली. बांबूच्या डोक्यावर दाबल्याची खूण आहे.

म्हणजे मयालच खालतं येऊन राह्यली.

यायले मागच्या अंगणात नेलं, खुशालले ऐकू जाऊ नये म्हणून. पुरं सांगितलं. या वेळी हासले नाई. मंग म्हणे, "काढली पेटी तं काय होईन, ठाऊक हाय नं तुले? परत तोंड भितीकडे करन. तवा मी पाह्यलं त्याले, मले परत पाह्यनं नाई होत."

"अन् पडली तं?"

"पोचूले बोलावू. टेकू लावू खालून."

"मंग आजच बोलवा."

पोचू धानाच्या रोवण्याले गेला आहे, त्याच्या सासुरवाडीले. सगळा गाव रोवण्यात गुतला आहे. धानाच्या दिवसात इथं मेलेलं माणूसही दोन दिवस थांबते. निरोप धाडला.

तवपर्यंत काय? यायचा मुलगा वर, माह्यी नात खालतं. एकाले वाचवावं तर दुसरं जाते. अशी तर कोण्या सासुरवाशिणीचीही गत नाई होत.

३० जुलै, बुधवार

एक युक्ती केली. खुशाल बोडीवर गेला का वर जायचं अन् तलावातून एक बादली काढून शिडीवरून खालतं फेकायची. एकदम काढलं तर त्याले समजन. थोडं थोडं काढलं तर पाणी उडून गेलं वाटन.

काल अन् आज काढली. चोरावानी, शिडीकडे पाहत पाहत. माह्याच घरातलं माह्यंच पाणी. मासोळ्या पाहत होत्या, त्यायनं सांगितलं नाई कोणाले.

२ ऑगस्ट, शनिवार

"माय, पेटी गळून राह्यली का? पाणी कमी झालं."

"उन्हानं उडलं असन."

झडीत उन्हानं! मी म्हणून गेली अन् जीभ चावली. तो उठला. बादली घेतली, शिडी उतरला, विहिरीवर गेला. लोकायसमोर. दिवसाढवळ्या. पाणी ओढलं, वर नेलं, परत आला, परत नेलं. विहिरीवरच्या बायका थांबून पाहत होत्या. यायचे डोळे भरून आले. "पाह्य, काम करून राह्यला पोरगा," मले म्हणे.

पाह्यलं. काठोकाठ भरला त्यानं. आधी होता त्याच्याहून जास्त.

आता मी सयपाकघरात जाऊन कोणाले सांगू का हे चांगलं झालं का वाईट?

मयालजवळ गेली. तिच्या भितीकडच्या टोकाले माती ओली लागली, हात लावला तर भाकरीच्या ओल्या पिठावानी बोटाले आली. वरून वघळ येते ना. पोचूचा पत्ता नाई. यायनं मधात एक बल्ली उभी केली टेकू म्हणून. ती नुसती उभी आहे, काई धरत नाई. मी ढकलली तर हलते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

काल लिहिता आलं नाई. पेन धरवत नव्हता.

काल दुपारी सीता रोवण्याले गेली होती, अंजनाबाईच्या बांधीत. पोरगी माह्या कडेवर. आतल्या खोलीत डब्यातले तांदूळ काढाले गेली. कुत्रा मागून येऊन राह्यला म्हणून दार लोटून घेतलं. तांदूळ सुपात घेतले, अन् मागच्या भितीतून धपकन माती पडली. मी पाठ फिरवली, तेवढ्यात मयाल उतरली. पडली नाई, उतरली. म्हातारी बाजेवरून खालतं उतरते तशी, करकरत. भितीतलं टोक सुटलं अन् त्याच भितीतल्या दाराच्या चौकटीवर येऊन बसलं. यायनं लावलेली बल्ली आडवी. वरतं काच फुटल्याचा आवाज आला अन् फल्ल्यायतून पाणी अंगावर, धो धो. एक लाल मासोळी सुपात पडली, तांदळात.

दार ओढलं. नाई उघडलं. चौकट दबून गेली होती.

मी ओरडली नाई. ओरडलं तर पडन असं वाटलं. पोरीचं तोंड छातीशी दाबलं अन् कोपऱ्यात गेली.

हे धावत आले बाहेरून. "गिरजे! गिरजे!" इतक्या वर्षात पहिल्यांदा नाव घेतलं. "हट बाजूले, कुऱ्हाडीनं दार फोडतो!"

तवा खिडकीकडून खुशालचा आवाज आला, शिडीनं उतरला असन. "बाबा, कुऱ्हाड नका मारू! मयाल चौकटीवर टेकली हाय. चौकट गेली का सगळं जाईन!"

यायचा हात थांबला असन, आवाज आला नाई.

खिडकीत खुशालचं तोंड दिसलं. खिडकी बारकी, लाकडाच्या सळया. त्यानं एक एक सळई उपटली. "पोरीले दे." मी दिली. त्यानं घेतली अन् बापाच्या हातात दिली. पोरगी रडत होती म्हणजे बरी होती.

"आता तू ये, माय."

"मी काय मांजर आहे, त्यातून यायले?" खांदे गेले, कंबर अडकली. परत आत आली. वर करकर झालं. मातीचा आणखी लपका पडला.

खुशाल खिडकीत उभा. माह्याकडे पाहत नव्हता. मयालकडे पाहत होता. तोंडावर रक्त नाई, ओठ हलून राह्यले, डोळे मोठे झाले. हात सळईच्या खुंटाले धरलेले, बोटं पांढरी. हलेच ना.

"पाहत काय राह्यला, मुडद्या?" मी म्हणलं. काय बोलली मी! पण बोलली. "येतं का जातं, एक काई कर!"

तो खिडकीतून बाजूले झाला.

मले वाटलं गेला. खरं सांगते, मनात म्हणलं, जा बापा. तुह्यं तरी राहू दे. जा.

गेला नव्हता. गोठ्यातली एक बल्ली आणली, खिडकीतून आत सारली. मंग आणखी एक. मंग स्वतः आला. आधी पाय, मंग अंग, डोकं शेवटी. डोकं आत घेताना असा आवाज केला त्यानं, बाळंत होणाऱ्या बाईवानी. खालतं उतरला अन् मटकन बसला. मग उठला.

"बोलू नको, माय. ऐकू दे."

ऐकत होता. मयाल काय बोलते ते. मीही ऐकलं, मले नुसतं पाणी टपकताना ऐकू येत होतं. त्यानं बल्ली उभी केली, दारापासून थोडी अलग, मयालच्या पोटाखाली. खालतं पाट ठेवला, पाटावर बल्ली, वर फट राह्यली तिथं सरपणाची फाळकी ठोकली, दगडानं, हळू हळू. एक ठोका मारे अन् थांबे, ऐके. आणखी एक ठोका. दुसरी बल्ली पण तशीच. अंगातून घाम असा निघे का पाण्यानं भिजला का घामानं, कळे ना. हात इतके कापत होते का दगड दोनदा पायावर पडला. एकदा मी त्याचं मनगट धरलं. धरून ठेवलं. मग ठोकलं त्यानं.

चौकटीवरचा भार निघाला तसं दार थोडं सैल झालं. यायनं बाहेरून पहार लावली. आधी मी निघाली. मागं तो.

अंगणात आला अन् उलटी केली. पाऊस पडून राह्यला होता, तरी चिखलात उताणा पडला, आभाळाकडे तोंड करून. मी कपाळाले हात लावला. ताप नव्हता.

१० ऑगस्ट, रविवार

पोचू आला. रोवणा संपला तवा आला.

मयालचं टोक पाह्यलं त्यानं. बोटानं दाबलं तर लाकूड पोह्यावानी झालं होतं. भिंत वरपासून ओली. मंग वर गेला, कवेलू पाह्यले. "नाकेदार भाऊ, हे कवेलू कोणं सरकवले? याच्यातूनच पाणी आलं हाय भितीत. दोन पावसाळ्याचं काम एका पावसाळ्यात झालं, त्यात पेटीचं ओझं. नाईतर..."

खुशाल अंगणात बाजेवर बसला होता. ऐकू जाईन एवढ्याच अंतरावर. यायनं त्याच्याकडे पाह्यलं, तोंड उघडलं.

"पोचू," मी म्हणलं, "उदईनं खाल्लं आहे नं हे लाकूड?"

"उदई? नाई बाई, हे तं पाण्यानं..."

"नीट पाह्य. डोळे फुटले का तुह्ये रोवण्यात? उदई हाय ही."

त्यानं माह्याकडे पाह्यलं. मी त्याच्याकडे पाह्यलं. मग त्यानं लाकडाचा भुगा तळहातावर घेतला, फुंकर मारली. "हो बाई. उदईच हाय. लय जुनी. पेटीचा काई संबंध नाई अन् कवेलूचाही नाई."

हे चूप. जन्मात पहिल्यांदा बरोबर वेळी चूप बसले.

"आतून खाते बाई उदई," पोचू मोठ्यानं म्हणते, अंगणाकडे तोंड करून, "वरून काईच दिसत नाई माणसाले."

मी त्याले चहा दिला, साखर जास्त टाकून.

खुशालनं ऐकलं का नाई, माहीत नाई. पाय हलवत बसला होता.

१४ ऑगस्ट, गुरुवार

वाचलेल्या मासोळ्या बोडीत सोडल्या. खुशालच सोडून आला, पोरीले खांद्यावर घेऊन. माडी पुरी उतरवायची ठरली. वरतं राहायले जागा नाई म्हणून तो अंगणात बाज टाकून राहते. मी म्हणलं छपरीत ये. नाई आला. पाऊस आला तर? येऊ दे म्हणे.

आज सांजच्याले पाऊस आला, बारीक. मी चुलीवर भात ठेवून बाहेर पाह्यलं, तर त्यानं बाज ओढून छपरीच्या वळचणीले लावली होती. अर्धी आत, अर्धी बाहेर. पाय छपराखाली, डोकं पावसात. असं कोण झोपते? डोकं भिजवून पाय कोरडे ठेवणारा माणूस मी पाह्यला नाई.

छत्री घेऊन गेली. त्याच्या डोक्यावर धरली.

"छत्री नको, माय."

"सर्दी होईन."

"होऊ दे. छत्री नको."

माह्या तोंडाशी बोलणं आलं होतं, का छत्रीचं काय भेव आहे रे तुले. मंग त्याच्याकडे पाह्यलं. तो छत्रीच्या काड्यायकडे पाहत होता. मी गेला दीड महिना खोलीत पडून जशी मयालकडे पाहत होती, तसाच.

छत्री मिटली. बाजेच्या कडेवर बसली, पाठ भिजत होती तर भिजू दिली.

सीता दारातून ओरडली, "आत्याबाई, भात लागून राह्यला! अन् भिजून काऊन राह्यल्या? आत या नं!"

"तू उतरव भात," मी म्हणलं. "मी इथं बसते थोडी."

वर पाह्यलं. वर काईच नव्हतं. पाणी पडत होतं डोळ्यात.